गल्लीच्या गाण्यातलं बंद दुकान

चौथीच्या दोन तुकड्यांमधली भिंत लाकडी फळ्यांची होती, आणि आपल्या सगळ्या दुखण्याचं मूळ ती भिंतच आहे असं मोठ्या बाईंचं स्पष्ट मत होतं. विटांची असती तर पलीकडे काय चाललंय ते कानावर आलं नसतं, आणि कानावर आलं नसतं तर पोटात दुखलंही नसतं.

मोठ्या बाई ‘अ’ तुकडीला शिकवायच्या. बावीस वर्षं. ‘ब’ तुकडीला शिकवायला जूनपासून एक नवी मुलगी आली होती. आली त्याच दिवशी तिने शिक्षकांच्या खोलीत डबा खाता खाता गुणगुणायला सुरुवात केली, तेव्हाच मोठ्या बाईंनी मनातल्या मनात तिचं नाव बुलबुल ठेवून टाकलं. तोंडावर अर्थात ‘अहो बाई’. वयाने मुलगी शोभली असती तरी नोकरीत सगळे सारखे, त्यामुळे अहो-जाहो करावंच लागायचं.

परिसर अभ्यास हा मोठ्या बाईंचा हक्काचा विषय. आपली गल्ली, आपले मदतनीस, कोण काय करतं, कशाने करतं. त्यांच्याकडे एक तक्ता होता, स्वतःच्या हाताने काढलेला, दोन रकाने आखलेला. डावीकडे व्यवसाय, उजवीकडे साधनं. न्हावी : कात्री, कंगवा, वस्तरा. सुतार : करवत, रंधा, पटाशी. शिंपी : सुई, दोरा, कात्री, टेप, शिलाई मशीन. मुलं हे असं घडाघडा म्हणायची की मधल्या सुट्टीत पळतानाही तोंडात रंधा-पटाशी असायचं. तपासणीला आलेला एकही साहेब आजवर ‘अ’ तुकडीतून नाक मुरडून गेला नव्हता.

बुलबुलकडे तक्ता नव्हता. तिच्याकडे कागदाची ही एवढी गुंडाळी होती, आणि चाळीस मुलांना घेऊन गल्लीत जायची खोड होती. मुलं दुकानासमोर फतकल मारून बसायची, दुकानातल्या तीन वस्तू काढायची आणि एक आवाज ‘पकडून’ आणायची. मग प्रश्नांच्या चिठ्ठ्या. एका डब्यातून प्रत्येकाने एक काढायची आणि हाती येईल तो प्रश्न दुकानदाराला विचारायचा, आवडो न आवडो. वर्गात आल्यावर गुंडाळीवर गल्ली रंगवायची, आणि गल्लीचंच गाणं करायचं. दर दुकानाला एक कडवं, आणि कडव्याच्या शेवटी त्या दुकानाचा आवाज. डबे, पट्ट्या, किल्ल्या, जे हाताला लागेल ते वाजवून. समाजाचा अभ्यास, चित्रकला आणि संगीत, तिन्ही एकाच तासात.

“म्हणजे तिन्ही अर्धंअर्धं,” मोठ्या बाई शिक्षकांच्या खोलीत म्हणाल्या होत्या. कुणी हसलं नाही. गणिताचे सर तर चक्क म्हणाले, “पण सायकलवाल्याचं कडवं झकास जमलंय हो. सकाळपासून डोक्यातून जात नाही.”

मोठ्या बाईंच्याही डोक्यातून जात नव्हतं, तेच तर. फळीपलीकडे पंपाचा फुस्स-फुस्स सुरू झाला की ‘अ’ तुकडीतले पाय बाकाखाली हलायला लागायचे. एकदा त्यांनी स्वतःचाच पाय हलताना पकडला. त्या दिवशी त्यांनी मुलांना दोन जादा व्यवसाय पाठ करायला दिले.

एक प्रयोग त्यांनीही करून पाहिला, उगाच लपवायचं कशाला. दारं-खिडक्या लावून घेतल्या आणि दोन रकान्यांना चाल लावली. रंध्यावर आवाज चढवायचा आणि पटाशीवर खाली आणायचा असं ठरवलं होतं, पण आवाज चढला तो तिथेच अडकून बसला. मुलं भली होती, हसली नाहीत. पहिल्या बाकावरची त्यांची लाडकी, दोन वेण्यांची, जरा वेळाने अगदी मायेने म्हणाली, “बाई, आपण नेहमीसारखं म्हणूया का?”

पण खरी ठिणगी पडली ती घरी.

मोठ्या बाईंचे यजमान शिंपी. शाळेच्या मागच्याच गल्लीत त्यांचं दुकान. सगळी गल्ली त्यांना मास्तर म्हणायची. शिकवते मी आणि मास्तर म्हणतात यांना, हा बाईंचा जुना विनोद होता आणि त्यावर मास्तर दर वेळी नव्याने हसायचे. माणूस मुलखाचा अबोल. जेवताना बाईंनी शाळेतलं सांगायचं आणि त्यांनी ‘हं’ म्हणायचं, हा सव्वीस वर्षांचा शिरस्ता होता.

त्या रात्री ताटावर बसल्या बसल्या मास्तर आपणहून बोलले.

“आज तुमच्या शाळेतली पोरं आली होती. बाहेर बसून दुकान काढत होती.”

“माझी नाहीत. ‘ब’ची.”

“एकीने, जाड चष्मेवाली आहे बघ, तिने माझं इस्त्रीचं टेबल काढलं. चारही पाय वेगवेगळ्या उंचीचे. मी म्हटलं, बाळ, टेबल पडेल. तर म्हणाली, काका, तुमचं टेबल खरंच तसंच आहे. मी वाकून पाहिलं. खरंच की गं.” आणि मास्तर इतके हसले की त्यांना ठसका लागला.

मोठ्या बाईंनी पाणी पुढे सरकवलं. त्या टेबलाखाली चौपदरी कापडाची घडी बारा वर्षांपूर्वी त्यांनीच घातली होती.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पोरं परत येणार आहेत, त्या बाई चांगल्या आहेत, पोरांना ओरडत नाहीत. तिसऱ्या दिवशी मास्तरांनी दुकानातल्या चिंध्या रंगांप्रमाणे निवडून पिशवीत भरल्या. चित्रावर चिकटवायला होतील म्हणे. घरातला सांडशीचा हलणारा खिळा बसवायला ज्यांना चार महिने सवड झाली नव्हती, ते मास्तर.

“त्या बाई आणखी काय म्हणाल्या?” मोठ्या बाईंनी विचारलं. नको होतं विचारायला, पण विचारलं.

“म्हणाल्या, तुमच्या मशीनला ताल आहे.”

त्या रात्री ताटं जरा जास्तच आवाज करत घासली गेली.

अशात मुख्याध्यापकांनी जाहीर केलं, की पुढच्या वर्षापासून दोन्ही तुकड्यांचा परिसर अभ्यास एकाच शिक्षकाकडे राहील. दुसऱ्याने दोन्हीकडचं गणित घ्यायचं. महिनाअखेरीला तपासणीचे साहेब येतील, त्यांच्यासमोर दोन्ही बाईंनी एकेक नमुना पाठ घ्यायचा, आणि त्यावरून ठरवू.

मोठ्या बाईंना गणित येत होतं. पण बावीस वर्षं सकाळी त्या ज्या तासासाठी साडीला पिना लावत होत्या, तो गणिताचा नव्हता.

दोन दिवसांनी बुलबुल त्यांच्या वर्गाच्या दारात उभी राहिली. बोटांना निळा रंग.

“मोठ्या बाई, एक काम होतं. सगळी गल्ली झाली, फक्त मास्तरांचं दुकान राहिलंय; त्या दिवशी नुसती बाहेरून चित्रं काढली, चिठ्ठ्या आणि आवाज बाकी आहेत. शेवटी ठेवलं मुद्दाम, मुलांना तेच जास्त आवडलंय. गुरुवारी अकराला आलो तर चालेल का, विचाराल? घरचंच आहे, म्हणून तुम्हालाच सांगते.”

“विचारते की,” मोठ्या बाई म्हणाल्या.

त्यांनी विचारलं नाही. संध्याकाळी मास्तर समोर बसले होते, वरण वाढताना शब्द जिभेवर आला होता, पण तेवढ्यात मास्तरच म्हणाले, “ती पोरं कधी येणार, काही कळलं का गं?” आणि त्या आवाजात असं काही होतं, जे सव्वीस वर्षांत बाईंच्या वाट्याला आलं नव्हतं. निदान त्यांना तसं वाटलं.

“नाही बाई. मला कुठे काय सांगतात,” त्या म्हणाल्या.

बुधवारी त्यांनी बुलबुलला व्हरांड्यात गाठून सांगितलं, “गुरुवारी दुकान बंद आहे त्यांचं. आणि पुढे दोन आठवडे काही खरं नाही, गणवेशांची गर्दी आहे. नकाच जाऊ तुम्ही, ते जरा तिरसट आहेत कामाच्या वेळी.”

“मास्तर तिरसट?” बुलबुलने विचारलं.

“घरच्यांना माहीत असतं,” मोठ्या बाई म्हणाल्या आणि वर्गात शिरल्या. आत जाऊन त्यांनी कोरा फळा पुन्हा पुसला. पण फळीपलीकडे त्या दिवशी गाणं झालं नाही, आणि ती शांतता त्यांना फार गोड लागली, तेही खरं.

मास्तर मात्र रोज दुकान झाडून, बाक पुसून बसत होते. “आली नाहीत पोरं,” एवढंच ते एकदा म्हणाले. पिशवी खुंटीला होती तशी राहिली.

नमुना पाठाच्या दिवशी शाळेने गल्लीतल्या सगळ्यांना बोलावलं होतं. मास्तर ठेवणीतला शर्ट घालून आले आणि ‘ब’ तुकडीच्या वर्गात न्हावी आणि इस्त्रीवाल्या काकूंच्या मधे बसले. मोठ्या बाईंचा पाठ आधीच झाला होता. एकही मूल अडखळलं नव्हतं. साहेबांनी उलटसुलट विचारलं, पटाशी कुणाची, वस्तरा कुणाचा, तरी नाही. आता त्या मागच्या खुर्चीत हाताची घडी घालून बसल्या.

गुंडाळी तिन्ही भिंतींवरून फिरली होती. गल्ली होती ती, हुबेहूब म्हणता आली नसती, पण ओळखू आली असती कुठेही. नळापाशी साचलेलं पाणीसुद्धा होतं. मुलं एकेका दुकानासमोर जायची, कडवं म्हणायची, आवाज करायची. न्हाव्याच्या कात्रीला दोन पट्ट्या. सायकलवाल्याच्या पंपाला तोंडाने फुस्स. बेकरीच्या पत्र्याला पत्राच. न्हावी मोठ्याने म्हणाला, “अरे, मी असा पोक काढून उभा राहतो?” आणि सगळे हसले. साहेबही हसले.

मग मुलं शेवटच्या दुकानापाशी आली. तिथे एक राखाडी शटर रंगवलं होतं, वर पाटी, पाटीवर काही नाही. चाळीस मुलांनी ओठांवर बोट ठेवलं. एक, दोन, तीन, चार. चार ठोके पूर्ण शांतता. मग गाणं पुढे निघालं आणि संपलं.

टाळ्या वाजल्या. साहेबांनी विचारलं, “इथे तुम्ही गप्प का झालात?”

जाड चष्मेवाली पुढे आली. “सर, हे शिंप्याचं दुकान आहे. आम्ही जाणार होतो त्या दिवशी बंद होतं. बंद दुकानाचा आवाज नसतो. पण दुकान तर आहे ना. म्हणून त्याची जागा ठेवली.”

“मला तसा निरोप होता,” बुलबुल म्हणाली. कुणाचा ते तिने सांगितलं नाही. मोठ्या बाईंनी समोर पाहिलं नाही, तरी मास्तरांचं डोकं सावकाश आपल्याकडे वळलंय, हे त्यांना कळलं.

मास्तर उठून उभे राहिले. भरल्या वर्गात बोलायची सवय नव्हती त्यांना, शर्टाचं खालचं बटण चाचपत होते.

“हो, बंद होतं,” ते म्हणाले. “मशीनचा पट्टा तुटला होता.”

आणि खाली बसले.

साहेबांनी नंतर मुख्याध्यापकांच्या खोलीत आपलं मत सांगितलं. कल्पना फार गोड आहे, पण काम अपुरं राहिलं. एखादा व्यवसाय सोडून कसं चालेल? ‘अ’चं काम पूर्ण आहे. मुख्याध्यापकांनी मोठ्या बाईंना बोलावून सांगितलं, “अभिनंदन. तास तुमचा.”

घरी जाताना मास्तर नेहमी बाईंच्या बरोबरीने चालायचे. त्या दिवशी दोन पावलं पुढे होते.

“पट्टा कधी तुटला?” मोठ्या बाईंनी शेवटी विचारलं.

“आज.”

नळापाशी साचलेलं पाणी मास्तर ओलांडून गेले, बाई वळसा घालून गेल्या.

“मला काय वाटलं, तुम्हाला त्रास होईल, चाळीस पोरं—”

“खोटं मला एकदा बोलता येतं,” मास्तर म्हणाले, “तेवढं मी बोललो. तू आणखी नको बोलूस.”

“तुम्ही सारखं त्यांचंच बोलत होता जेवताना.”

मास्तर थांबले. वळून पाहिलं त्यांनी. रागावलेले नव्हते, आणि ते बाईंना जास्त लागलं. “सव्वीस वर्षं मी तुझी शाळा ऐकतो. आवडीने ऐकतो. मला वाटलं, आता माझ्याकडेही सांगण्यासारखं काही आलंय.”

खरं म्हणजे मोठ्या बाईंना अजूनही रागच होता, आणि तो नेमका कुणाचा हे मात्र आता सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी घंटा व्हायच्या आधी त्या मुख्याध्यापकांसमोर उभ्या राहिल्या आणि दुकान उघडं होतं असं सांगितलं. मुख्याध्यापकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“मग तास त्यांच्याकडे जाईल, हे कळतंय ना तुम्हाला?”

“कळतंय.”

“मग कशाला सांगितलंत? साहेब गेले की आता.”

“तपासणीला आलेल्या माणसाला मी बावीस वर्षांत चुकीचं उत्तर दिलेलं नाही, सर,” मोठ्या बाई म्हणाल्या. “आणि माझ्या नवऱ्याला तर नाहीच द्यायला लावणार.”

बुलबुलला सांगणं जास्त अवघड गेलं. ती ब्रश धूत होती. ऐकून घेतलं, नळ बंद केला. मोठ्या बाईंना वाटलं होतं, गोड आवाजाची आहे, म्हणेल ‘जाऊ द्या हो’. ती तसं काही म्हणाली नाही.

“राखाडी रंग नव्हता आमच्याकडे. पांढऱ्यात काळा कालवून केला मुलांनी. दोन तास लागले त्या शटरला. मी तुम्हाला आवडत नाही, हे सरळ सांगायचं होतंत.”

“ते माहीत होतं की तुम्हाला.”

“मला होतं. मुलांना नव्हतं.” तिने ब्रश झटकला. एक थेंब मोठ्या बाईंच्या पदरावर उडाला. तिने माफी मागितली नाही, आणि मोठ्या बाईंनीही ती अपेक्षिली नाही. “आम्ही तसेही उद्या जाणार आहोत दुकानात. फाटकाबाहेर न्यायला दोन शिक्षक लागतात. गणिताच्या सरांना विचारलंय, पण त्यांना तास आहे.”

“मी येते,” मोठ्या बाई म्हणाल्या.

“मर्जी तुमची.”

दुसऱ्या दिवशी अकराला मुलं दुकानात मावेनात. निम्मी आत, निम्मी उंबऱ्यावर. मास्तर मशीनवर बसले होते आणि चिठ्ठ्या एकामागून एक निघत होत्या. तुम्ही कुणाकडून शिकलात? बोटात सुई गेलीय का कधी? कंटाळा आला की काय करता? मोठ्या बाई बाहेरच उभ्या होत्या, मुलं मोजायच्या निमित्ताने. एकोणचाळीस, चाळीस. पुन्हा एकोणचाळीस, चाळीस.

“कंटाळा आला की गातो,” आतून मास्तरांचा आवाज आला.

“म्हणून दाखवा.”

“तोंडाने नाही. तुमच्याएवढा होतो तेव्हा गायचो. मग आवाज फुटला, तो काही परत नीट जुळला नाही. सगळे हसायला लागले, मग सोडलं. आता पायाने गातो. बघा.”

आणि मशीन सुरू झालं. लांब शिवण, थांबा, छोटी, छोटी, थांबा, पुन्हा लांब.

मोठ्या बाईंनी तो आवाज सव्वीस वर्षं ऐकला होता. मशीन जुनं झालंय, अडखळतं, असं त्या समजत आल्या होत्या. दोनदा नवीन घ्या म्हणून मागेही लागल्या होत्या. आणि हे गाणं चाललं होतं म्हणे. हे या चाळीस पोरांना एका चिठ्ठीत मिळालं. त्यांना जे झालं ते पश्चात्ताप वगैरे नव्हतं, निव्वळ जळणं होतं, कढईतलं तेल तापावं तसं.

“बाई, तुम्ही चिठ्ठी नाही काढली,” चष्मेवालीने डबा पुढे केला. “जो येतो त्याने काढायची असते.”

बुलबुल बघत होती. मोठ्या बाईंनी हात घातला. तळाशी एकच उरली होती. मुलांच्या वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलेलं त्यांनी वाचलं, आणि नियम म्हणजे नियम, म्हणून मोठ्याने वाचलं.

“तुमच्या घरचं कुणी तुमचं काम बघायला येतं का?”

मास्तरांनी दोरा दाताने तोडला. “येतं की. डबा द्यायला. पण बसत नाही.”

मुलं हसली. कुणीतरी लगेच डब्याचं चित्र काढायला घेतलं. चष्मेवाली बाकावर जरा सरकली आणि मोठ्या बाई त्या चार बोटं जागेत बसल्या. गुडघे आखडून, चिंध्यांची पिशवी मांडीवर घेऊन.

“हं, आता नीट ऐका,” बुलबुल मुलांना म्हणाली, “आपण चार ठोक्यांची जागा ठेवली होती, ती पुरणार नाही. मास्तर, पुन्हा एकदा? मोजा सगळ्यांनी.” मशीन फिरलं. तिने बोटं उघडली. “सहा. सहा ठोके करू.”

“सात,” मोठ्या बाई म्हणाल्या.

बुलबुलने मान वळवली. “सहाच आहेत, मोठ्या बाई. मी मोजले.”

“सात आहेत. कोपऱ्यावर कापड वळवताना ते पाय उचलतात. आवाज नाही होत तेव्हा, पण ते मोजतात. नेहमी मोजतात.” हे आपल्याला माहीत आहे, हे त्यांना बोलल्यावर कळलं. “विचारा त्यांना.”

चाळीस माना मास्तरांकडे वळल्या. मास्तर सुईत दोरा ओवत होते. वर न बघता ते म्हणाले, “सात.”

मुलांनी सहा खोडून सात केले. बुलबुलच्या गोऱ्या कपाळावर एक बारीकशी आठी उमटली, ओठ जरा आवळले गेले. ही आठी मोठ्या बाईंना चांगली ओळखीची होती. जूनपासून रोज आरशात बघत होत्या. त्यांनी ती पोटभर पाहून घेतली, आणि मग चष्मेवालीला म्हणाल्या, “त्या टेबलाच्या पायाखाली एक घडी आहे बघ कापडाची. ती राहिली तुझ्या चित्रात.”